‘नकोच होतं’ म्हणणारा घरगाडीवाला

गाडीचे अर्धे पडदे धुऊन दोरीवर वाळत पडलेत आणि अर्धे अजून खिडक्यांनाच लटकलेत. डाव्या बाजूचे काढून झाले, उजव्या बाजूला हात घातला, तेवढ्यात आमचे हे मागून म्हणाले, "राहू दे ते. परत लावायचेच आहेत, कशाला काढतेस?" मी हातातली कडी तशीच सोडली. तेव्हापासून एक डोळा मिटून झोपेचं सोंग घेतल्यासारखी ती गाडी फाटकासमोर उभी आहे. येणारे-जाणारे बघतात. बघू देत.

रोज प्रार्थना झाली की वहीत चार ओळी लिहायची माझी सवय आहे. आज चार ओळींत भागणार नाही, कारण आज यांच्याविषयी लिहायचं आहे.

हे बस बांधणाऱ्या कारखान्यात फिटर होते. तिथे नुसता सांगाडा यायचा, म्हणजे इंजिन, चाकं आणि लोखंडाच्या पट्ट्या. त्यावर पत्रा चढवणारे वेगळे, काचा बसवणारे वेगळे आणि खुर्च्या बसवणारे हे. कारखान्यात यांना सगळे ‘दोनसूत’ म्हणायचे. फिटर लोकांच्या मोजपट्टीवर एका इंचाचे आठ भाग असतात, त्यातला एक भाग म्हणजे सूत. हे प्रत्येक खुर्चीच्या मधल्या वाटेकडच्या पायाखाली दोन सूत जाडीची लाकडी चकती घालायचे. त्याने खुर्ची कळेल न कळेल इतकी खिडकीकडे कलायची. का, तर झोप लागलेला उतारू मधल्या वाटेत कलंडून पडू नये. हे कुठल्या नकाशात नव्हतं की कुणी शिकवलं नव्हतं. एकदा साहेब म्हणाले, "मग खिडकीपाशी बसलेल्याच्या खांद्यावर शेजाऱ्याचं डोकं येणार, त्याचं काय?" तर हे म्हणाले, "खांदा असतोच कशाला, साहेब?"

मला हा किस्सा यांच्या एका दोस्ताने सांगितला, आमचं लग्न ठरलं तेव्हा. मी तेवढ्यावर होकार दिला होता. अनोळखी माणसांच्या झोपेची एवढी काळजी करणारा माणूस बायकोला दुःखात ठेवणार नाही, असा साधा हिशेब. हिशेब चुकला असं म्हणणार नाही. पण बरोबर आला असंही आज म्हणवत नाही.

यांचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो, आणि ते वाक्य यांचंच आहे. ‘मला नकोच होतं.’ फोरमनची जागा रिकामी झाली, सगळ्यांना वाटत होतं ती यांनाच मिळणार. मिळाली ती काल आलेल्याला. घरी आले, हातपाय धुतले, ताट ओढलं आणि म्हणाले, "मला नकोच होती ती किरकिर." धाकट्या दिरांनी सासऱ्यांचं घर आपल्या नावावर करून घेतलं. "नकोच होतं ते पडकं घर." लेकाच्या लग्नात यांना नवीन सूट शिवायचा राहिला, सगळ्यांचे शिवून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. "नकोच असतो मला सूट, घामाने जीव जातो." सूट मागितला असता तर कुणी नाही म्हणणार नव्हतं. मागायचंच नाही, आणि मिळालं नाही की म्हणायचं नकोच होतं. मागायचं खातं यांनी माझ्याकडे देऊन टाकलं होतं. दुकानदाराकडे वजनात घट आली तर मी बोलायची, शाळेत मुलाची जागा मी मागायची, आणि रोज सकाळी देवाकडेही यांच्या वाटचं मीच मागायची. देव निदान ऐकून घेतो. "नवऱ्याला का नाही पाठवलंस?" असं विचारत नाही.

उभ्या आयुष्यात एकच गोष्ट यांनी तोंडाने मागितली. कारखाना बंद व्हायच्या बेताला आला, आवारात एक जुनी मिनीबस गंजत पडली होती. हे मालकांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला ती हवी आहे." मालकांना इतकं आश्चर्य वाटलं की ते लगेच हो म्हणाले.

मग पुढची कित्येक वर्षं ती मिनीबस आमच्या अंगणात होती आणि हे तिच्या पोटात. पलंग दुमडला की टेबल, टेबल दुमडलं की बाक, बाक उचलला की आत पाण्याची टाकी. एका माणसाने वळायचं तर दुसऱ्याने बसायचं, इतकी नेमकी जागा. देवाची तसबीर चुलीच्या वर पत्र्याला लोहचुंबकाने चिकटवून दिली. "कितीही खड्डे येऊ देत, देव हलायचा नाही," म्हणाले. शेजारचे हेडमास्तर कुंपणावरून विचारायचे, "काय दोनसूत, गाडी आधी तयार होणार का तुम्ही आधी जाणार?" हे म्हणायचे, "दोघं एकदमच निघू."

आणि निघालो. दोघं म्हणजे हे आणि मी. आमची खोली घराच्या मागच्या बाजूला, खालीच, पायऱ्या न चढता जाता येईल अशी. सकाळी उन्हाची पहिली तिरीप माझ्या प्रार्थनेच्या फळीवर पडायची. निघताना हे लेकाला म्हणाले, "खोली वापरत राहा रे, बंद ठेवली की ओल धरते." एवढंच बोलणं झालं.

प्रवासाचं वर्णन करायला बसले तर लोक म्हणतील, काय भाग्यवान बाई. डोंगर पाहिले, नद्या पाहिल्या, सकाळी दार उघडलं की रोज नवीन अंगण. सगळं खरं आहे. पण दार उघडायच्या आधी पलंग दुमडावा लागायचा, आणि पलंग दुमडायच्या आधी त्यावरून उतरावं लागायचं. पलंग मागच्या चाकांवर बांधलेला, उंच. स्टुलावर पाय ठेवून चढायचं, स्टुलावर पाय ठेवून उतरायचं, आणि या वयात माणसाला रात्री एकदाच उठून चालत नाही. त्यात यांनी पलंगालाही दोन सुतांचा कल दिलेला. मी बाहेरच्या बाजूला निजायचे, तिथून पडू नये म्हणून तो कल. झोपलेल्या माणसाची काळजी, जुनी खोड. पण बसच्या खुर्चीत माणूस चार तास बसतो आणि उतरून जातो. मी तिथे रोज रात्र काढत होते. रात्रभर यांच्या अंगावर घसरत जायचे, म्हणून मग गुडघा पलंगाच्या कडेच्या फळीला अडकवून स्वतःला धरून ठेवायचे. महिन्याभरात गुडघ्याने हात जोडले.

"अहो, तेवढी चकती काढता का?" मी म्हटलं.

"पडशील."

"पडले तरी चालेल."

"सवय होईल," म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांना लागलेली असायची झोप? नाही. ते मलाही माहीत होतं आणि त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. बाहेर ट्रक गेला की डोळे उघडे. अंधार पडायला लागला की गाडी चालवायची भीती, म्हणून दुपारीच कुठेतरी थांबायचं आणि संध्याकाळभर एकमेकांची तोंडं बघत बसायचं. घराबाहेर यांना काही गोड लागत नव्हतं. पण आयुष्यात एकदा मागितलेली गोष्ट मिळाली आणि ती आवडली नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? मिळालेल्या गोष्टीला ‘नकोच होती’ म्हणायची सोय नसते.

दर रविवारी लेकाचा फोन यायचा. फोन यांच्याच खिशात असायचा.

"कसं चाललंय, बाबा?"

"अरे, राजासारखं."

त्या वेळी छताच्या सांध्यातून उशीवर पाणी ठिबकत होतं आणि राजा वर डबा धरून उभा होता.

"आईचा गुडघा?"

"कुठला गुडघा? हरणासारखी पळतेय तुझी आई." हरणाने गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधली होती. यांनी फोन माझ्या तोंडाजवळ धरला, मी म्हटलं, "काळजी करू नकोस रे," आणि यांनी तो परत घेतला. "घरात करमेल असं वाटत नाही बघ आता आम्हाला," हे म्हणाले.

सूनबाईने मला नंतर विचारलं, "आई, तुम्ही तरी का नाही बोललात?" काय सांगणार? नवऱ्याला मुलासमोर खोटं पाडायचं नाही, या शिस्तीत आमची पिढी वाढली. झाकली मूठ म्हणतात ना, ती मूठ झाकून झाकून बोटं आखडली.

यांना समुद्र बघायची फार हौस, असं ते म्हणायचे. समुद्रावर पोहोचलो. हे वाळूत उभे राहिले, थोडा वेळ पाण्याकडे बघितलं, मग पाठ फिरवून मागे उभ्या असलेल्या बसगाड्यांकडे चालू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही ज्या ज्या गावी थांबलो, तिथला बसथांबा यांनी चुकवला नव्हता. बस रिकामी दिसली की चढायचे, वाकून खुर्चीखाली बघायचे. एका कंडक्टरने विचारलंही, "आजोबा, काही पडलं का?" हे म्हणाले, "नाही, असंच." आपण बसवलेली एक खुर्ची कुठेतरी चालत्या गाडीत सापडावी आणि तिच्यावर उतारूसारखं बसून एकदा दोन थांबे जावं, एवढंच यांना हवं होतं. कारखान्यात असताना हे कधी त्या बसमध्ये बसले नव्हते. सायकलने जायचे, सायकलने यायचे. मला हे त्यांनी सांगितलं नाही. मी ओळखलं. पण खुर्च्या सगळ्या नवीन, साच्यातून काढलेल्या. त्यांच्या पायाखाली चकतीच नव्हती, कारण त्यांना पायच नव्हते.

सापडली ती एका पंक्चरवाल्याकडे. आमचं मागचं चाक बसलं होतं. दुकानाबाहेर गिऱ्हाइकांना बसायला जुनी दोन माणसांची बसची खुर्ची ठेवलेली. हे तिच्याकडे बघत उभे राहिले. मग खाली वाकले आणि तिच्या पायाला जिथे बोल्ट होता तिथे अंगठा फिरवला.

"बसा की, काका," पंक्चरवाला म्हणाला. "जुनं काम आहे, हलायचं नाही. भंगारातल्या बसमधून काढून आणली. फक्त जरा तिरकी होती हो. कुणी अडाण्याने एका पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकलेला. मी काढून टाकला. आता बघा कशी सरळ आहे."

हे बसले. पंक्चर निघेपर्यंत बसून राहिले. मी शेजारी बसले होते, पण आमच्या दोघांचे खांदे लागले नाहीत, खुर्ची आता सरळ होती.

"बरं केलंत," उठताना हे त्या माणसाला म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "सांगायचं होतं, मीच बसवलेली म्हणून."

"कशाला? नकोच होती तशी ती चकती. कोण झोपतं हल्ली बसमध्ये, सगळे फोन बघतात."

त्या रविवारी लेकाला म्हणाले, "आज काय मजा आली म्हणून सांगू." आणि मग सहज म्हटल्यासारखं, "टायर झिजलेत. तिकडे येऊन बदलून घेतो म्हणतो, जरा डोकावून जातो." मला एवढा आनंद झाला की मी तिथेच तसबिरीसमोर डोळे मिटले. घर. माझी खोली, माझी खिडकी, माझा जमिनीला धरून असलेला सपाट पलंग. ‘डोकावून जातो’ हा शब्द मी ऐकला, पण त्याकडे लक्ष दिलं नाही. तिथेच चुकलं.

घरी आलो. लेक फाटकापर्यंत धावत आला, सूनबाई हात पुसत आली, सगळं झालं जसं व्हायला हवं तसं. पाणी पिऊन मी सरळ मागच्या खोलीकडे गेले, आणि दारात थांबले.

आमची सून हाडांच्या दवाखान्यात लोकांकडून व्यायाम करून घेते, ज्यांची हाडं जुळलीत पण पाय उचलत नाही अशांकडून. खोलीत आमच्या पलंगाच्या जागी चालायला शिकायच्या दोन समांतर नळ्या होत्या. भिंतीला माणूसभर आरसा. कोपऱ्यात मोठा रबरी चेंडू, इतका मोठा की माझ्या खिडकीचा खालचा अर्धा भाग त्याने झाकला होता. एक आजी नळ्या धरून पावलं टाकत होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुमचा पण नंबर आहे का?"

"आई, बाबांना विचारलं होतं आम्ही," सूनबाई मागून घाईघाईने म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "फोनवर. दोनदा विचारलं. पेशंट घरी यायला लागले आणि पायऱ्या नसलेली हीच एक खोली..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, खुशाल करा. आम्ही आता चाकांवरची माणसं, आम्हाला काय करायची खोली?"

मी यांच्याकडे बघितलं. हे नळ्यांच्या खालचे बोल्ट बघत होते. "हे कुणी बसवले? ढिले आहेत," म्हणाले, आणि गाडीतून पाना आणून गुडघ्यावर बसून आवळायला लागले. आपली खोली गेली त्याचे बोल्ट आपल्याच हाताने आवळणारा माणूस मी जगात दुसरा पाहिलेला नाही.

पलंग सुटा करून गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवला होता. माझी प्रार्थनेची फळी वाटेतल्या बोळात, चपलांच्या कपाटाच्या वर. फळीवर स्वच्छ कापड होतं, सूनबाई रोज पुसतही असणार. तिने प्रेमाने केलं होतं, हे मला दिसत होतं. पण खाली चपला त्या चपलाच. मी देवाला मनातल्या मनात म्हटलं, थोडे दिवस सांभाळून घे, मी पण तेच करणार आहे.

लेक म्हणाला, "थोडेच दिवस आहात ना? हॉलमध्ये अंथरतो."

"छे छे," हे म्हणाले, "आम्ही आमच्या गाडीतच बरे."

म्हणजे परत तेच स्टूल आणि तोच कल, फक्त आता डोळ्यांसमोर स्वतःचं घर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातून गाडीत पाण्याची बादली नेत होते तर हेडमास्तर कुंपणाशी.

"काय दोनसूत, जग फिरून आलात आणि आपल्याच दारात तंबू? सुनेने बाहेर काढलं की काय?"

"आत झोपच येत नाही हो आता. चाकांची सवय."

"वहिनींनाही नाही?"

"तिला तर मुळीच नाही."

हेडमास्तरांनी माझ्या हातातल्या बादलीकडे बघितलं, मग माझ्या चालण्याकडे, आणि वर्तमानपत्र उघडून त्यात तोंड घातलं. मुलांना वर्षानुवर्षं खोटी कारणं सांगताना पाहिलेला माणूस, त्याला आणखी काय सांगायचं?

सूनबाईच्या लक्षात आलं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. मी उंबरा ओलांडून आत येत होते, दाराची चौकट धरून. तिने हातातलं काम ठेवलं. "आई, इकडे या. बसा." मला त्या खोलीत नेऊन गादीवर बसवलं, गुडघा दाबला, वाकवला, पाऊल फिरवून बघितलं. तिचे हात गरम होते. माझ्या स्वतःच्या खोलीत मी पेशंट म्हणून आडवी पडले होते आणि वर बघताना छतावरचा तोच ओलीचा डाग दिसला, बदकासारखा. तेवढं तरी कुणी हलवलं नव्हतं.

"एकाच कुशीवर झोपता का? गुडघा कशाला तरी दाबून?"

मी साडी गुडघ्यावर ओढून घेतली.

"आई, हे आत्ताचं नाही. कधीपासूनचं आहे?"

"असेल थोडं."

"थोडं नाही. आणि बाबा दर रविवारी सांगायचे की..." ती थांबली. हुशार आहे पोरगी, पुढचं तिने स्वतःच जुळवलं. माझा पाय हातात धरून तशीच बसून राहिली. "मग खोली नको म्हणाले ते पण असंच का?" तिने हळूच विचारलं. मी छतावरच्या बदकाकडे बघत राहिले. तिला उत्तर मिळालं.

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला, सरळ, आडवळण न घेता. "बाबा, आईंचा गुडघा फार वाईट आहे. त्यांनी तुमच्या त्या उंच पलंगावर चढता कामा नये."

"इथे आल्यावर दुखायला लागला," हे म्हणाले. "फरशीचा गारवा."

लेक आईकडे बघायला लागला, मग बापाकडे. "बाबा, तुम्हाला परत खोली हवी आहे का? स्पष्ट सांगा. तिचे पेशंट दवाखान्यात घेऊ, नाहीतर दुसरीकडे जागा बघू. पलंग गच्चीवरच आहे, दोन दिवसांत लावतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

सगळ्यांचे घास थांबले. मी हात जोडले नाहीत, पण मनात जोडले. अख्ख्या आयुष्यात यांच्या वाटचं मी मागत आले, आता देवा, एकदा या माणसाला मागू दे. एक अक्षर आहे, ‘हो’. ते यांच्या ओठांपर्यंत आलं, मी शपथेवर सांगते. हनुवटी हलली. यांना पण ती खोली हवी होती. सकाळी सकाळी हे मागच्या खिडकीखाली बाहेरच्या बाजूने उभे राहून आत बघताना मी दोनदा पाहिलं होतं.

"मला नकोच आहे खोली," हे म्हणाले. "आम्ही परत निघतोय महिनाअखेरीला. टायर येऊ देत."

लेकाने श्वास सोडला. अगदी हळू, कुणाला कळू नये असा. पण आईला मुलाचा श्वास कळतोच, पाळण्यापासून मोजत आलेली असते. तो सुटकेचा होता. त्याच्यावर मी रागावू शकत नाही. वाढलेलं ताट पुढ्यात आलं तर कोण परत करतं? आणि तरी तो श्वास मला त्या गुडघ्यापेक्षा जास्त दुखला.

"तुम्ही निघा," मी म्हटलं. "मी इथे आहे."

हे माझ्याकडे बघायला लागले. "इथे कुठे?"

हा प्रश्न मात्र खरा होता. इतक्या वर्षांत घराला मी माझं म्हणत होते, आणि ‘इथे कुठे’ला माझ्याकडे खोलीचं उत्तर नव्हतं.

"हॉलमध्ये. दिवाणावर. जमिनीला धरून आहे तो."

"आई, नाही, तुम्ही खोलीतच—" सूनबाई म्हणाली.

"खोली दोघांची होती, बाळा. एकटीसाठी तुझे पेशंट कशाला हलवायचे? ती आजी पावलं टाकायला लागली आहे, तिला टाकू दे."

हे ताटात बघत होते. मला वाटलं आता तरी म्हणतील, "तू नाही तर मी पण नाही." ही आस किती मूर्ख असते, तरुणपणी असते तशीच म्हातारपणी. त्यांनी शेवटचा घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ठीक आहे. मला एकट्याला ऐसपैस होईल."

जेवण झालं. उठताना त्यांनी आपलं ताट स्वतः उचललं. असं ते कधी करत नाहीत.

त्यालाही आता आठवडा होत आला. मी हॉलमध्ये निजते, हे गाडीत. सूनबाई रोज सकाळी पेशंट यायच्या आधी माझ्याकडून पाय उचलून घेते, गुडघा बरा होईल म्हणते. लेक माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतो. बाहेरून बघणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही, कुणी कुणाला घराबाहेर काढलेलं नाही. देवाची तसबीर मी गाडीतच राहू दिली. मला बोळातली फळी आहे, यांना सोबत हवी. चुंबक पक्कं आहे.

हे खरंच जाणार आहेत का? टायर आले, बसवून झाले. तेल बदललं. बोललेलं परत घेणं यांना येत नाही, म्हणजे जातील. सत्तरी उलटलेला माणूस, अंधारात गाडी चालवायला घाबरतो, आणि साधा भात कधी लावलेला नाही. कसा लावतात हे मला विचारलेलं नाही. विचारणार नाहीत. परवा मी भात लावून मागच्या दारी गेले आणि काही विसरलं म्हणून परतले, तर हे स्वयंपाकघरात. पातेल्यावर वाकलेले, हातात कारखान्यापासून खिशात असलेली ती पोलादी मोजपट्टी. तांदळाच्या वर पाणी किती चढलंय ते मोजत होते. ओठ हलत होते, आकडा लक्षात ठेवायला. मी आवाज न करता तशीच मागे सरले. मन म्हणालं, आत जा आणि सांग. दुसरं मन म्हणालं, विचारू दे ना एकदा. मी दारामागे उभी राहिले. त्यांनी पट्टी शर्टाला पुसली, खिशात ठेवली आणि निघून गेले.

काल दुपारी गाडीतून करपल्याचा वास आला. बघायला गेले नाही. संध्याकाळी ते पातेलं अंगणातल्या नळाखाली पालथं होतं, घासून घासून चकचकीत. त्या पातेल्यात आम्हा दोघांचा भात व्हायचा. एका माणसाचा तांदूळ त्यात पसरून राहतो आणि तळाला लागतो, त्याला पाणी कितीही मोजून घाला. हे त्यांना कळायला बरेच दिवस उपाशी राहावं लागेल, आणि तोवर हेडमास्तरांना सांगतील की करपलेलाच आवडतो.

लिहिता लिहिता ऊन उतरलंय. आता भांड्यांच्या दुकानात जाऊन एका माणसापुरतं पातेलं आणायचं आहे.